भिंतीचा फोटो आणि त्याचा मालक : टेक्श्चरच्या कॉपीराइटची पार्श्वभूमी

जून 2021 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटच्या फेडरल कोर्टात ज्युडी जुरासेक यांनी कॅपकॉम या जपानी गेम कंपनीवर दावा लावला. जुरासेक या डिझायनर आणि छायाचित्रकार. 1996 साली त्यांचं ‘सर्फेसेस’ हे पुस्तक निघालं होतं. लाकूड, दगड, धातू, काच, गिलावा अशा पृष्ठभागांचे त्यांनी स्वतः काढलेले फोटो त्यात होते आणि सोबत तेच फोटो असलेली सीडी. व्यावसायिक वापरासाठी त्यांच्याकडून वेगळा परवाना घ्यायला हवा होता, तो न घेताच कॅपकॉमने किमान 80 फोटो ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ आणि इतर गेममध्ये दोनशेहून जास्त ठिकाणी वापरले, असा त्यांचा आरोप. गेमच्या नावाच्या अक्षरांत दिसणारी तडकलेली काचही आपल्याच फोटोतली आहे, असं त्यांनी म्हटलं. तो गेम आला होता 2005 साली. दावा सोळा वर्षांनी का लागला, हे समजायचं तर टेक्श्चरच्या, म्हणजे संगणकातल्या आकारांवर चढवायच्या पृष्ठभागांच्या फोटोंच्या, व्यवसायात बरंच मागे जावं लागतं.

संगणकात बनवलेल्या आकारावर चित्र गुंडाळायची युक्ती एड कॅटमल यांनी 1974 मध्ये यूटा विद्यापीठातल्या आपल्या पीएचडी प्रबंधात मांडली. तोवर संगणकातली भिंत म्हणजे एका रंगाचा सपाट पृष्ठभाग. आता तिच्यावर विटांचा फोटो चढवता येऊ लागला. त्या काळात मालकीचा विचार कोणी फारसा करत नव्हतं. त्याच विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी 1975 मध्ये एका किटलीच्या आकाराची आकडेवारी तयार केली. ती जगभरच्या प्रयोगशाळांत हातोहात फिरली आणि आजही अनेक सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळते.

नव्वदच्या दशकात हे चित्र बदललं. सिनेमा, जाहिराती आणि गेममध्ये काम वाढलं आणि प्रत्येक गंजलेल्या पत्र्यासाठी कॅमेरा घेऊन बाहेर पडणं परवडेना. टेक्श्चरच्या सीडी विकायला आल्या. खुद्द पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओने 1993 मध्ये 128 टेक्श्चरचा संच विक्रीला काढला होता. (पुढे त्यांनी तो श्रेय देण्याच्या अटीवर मोफत खुला केला.) सीडी विकत घेणाऱ्याला मिळत होता तो वापराचा हक्क, तोही अटींसह. फोटोची मालकी फोटो काढणाऱ्याकडेच राहत होती. पण अटी छापलेल्या असायच्या पुस्तकाच्या पानावर किंवा सीडीच्या कव्हरवर, आणि फाइल जायच्या स्टुडिओच्या सर्व्हरवर. सीडी आणणारा माणूस नोकरी सोडून जायचा, फाइल मात्र पुढच्या प्रोजेक्टमध्ये, त्याच्याही पुढच्या प्रोजेक्टमध्ये वापरल्या जायच्या. माझ्या मते या क्षेत्रातली बरीचशी चोरी अशी, कोणी चोरी करायचं ठरवलेलं नसताना होते. ज्याचं नुकसान होतं त्याला मात्र त्याने काहीच फरक पडत नाही.

फोटोवर कॉपीराइट असतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1884 मध्येच मान्य केलं होतं. तो खटला लेखक ऑस्कर वाइल्डच्या फोटोचा होता. माणसाला कसं बसवायचं, प्रकाश कुठून घ्यायचा, मागे काय ठेवायचं, ही निवड छायाचित्रकाराची, म्हणून फोटो ही त्याची निर्मिती. टेक्श्चरच्या बाबतीत हाच निकष अडचणीचा ठरतो. चांगल्या टेक्श्चरमध्ये सावली नको, कोन नको, मध्येच डोळ्यात भरणारा एखादा डाग नको. भिंत अगदी समोरून, सपाट आणि सम उजेडात हवी. काम जितकं उत्तम, तितका छायाचित्रकाराचा हात कमी दिसतो. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात जुन्या चित्रांच्या हुबेहूब फोटोंना कॉपीराइट नाकारला. तिथेही भांडण सीडीवर विकलेल्या प्रतिमांचंच होतं. हजार भिंतींतून नेमकी एक हेरणं, तिच्यासाठी योग्य उजेडाची वाट पाहणं यात पुरेशी निर्मिती आहे, असं मला ठामपणे वाटतं. पण टेक्श्चर विकणाऱ्याला कायद्यात उभं राहायला मिळणारी जागा अरुंद आहे, हेही खरं.

त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्यांना ती जागा किती अरुंद आहे, याचा अनुभव 2008 मध्ये आला. टोयोटाच्या 2004 सालच्या गाड्यांच्या जाहिरातींसाठी मेशवर्क्स या कंपनीने गाड्यांची डिजिटल मॉडेल तयार केली. गाडीवर टेपची जाळी चिकटवायची, यांत्रिक हाताने एकेक बिंदू मोजून संगणकात घ्यायचा आणि मग प्रत्येक गाडीसाठी 80 ते 100 तास बसून हातानं आकार घासूनपुसून नेमका करायचा. अंतिम मॉडेलमधले सुमारे 90 टक्के बिंदू या हातकामातून आले होते. करार एकाच टीव्ही जाहिरातीपुरता होता, असं मेशवर्क्सचं म्हणणं. मॉडेल मात्र पुन्हा पुन्हा वापरली गेली. कंपनी कोर्टात गेली आणि हरली. दहाव्या सर्किटच्या (अमेरिकी न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाचा निकाल नील गॉर्सच यांनी लिहिला, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. रंग, प्रकाश, पार्श्वभूमी काहीच नसलेलं हे मॉडेल म्हणजे टोयोटाच्या गाडीची अचूक नक्कल. कौशल्य आणि कष्ट कितीही असले तरी त्यात मेशवर्क्सची स्वतःची भर नाही, असं न्यायालय म्हणालं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात केवळ श्रमांवर कॉपीराइट मिळत नाही, किमान सर्जनशीलता हवी, असं ठरवलं होतं. तत्त्व म्हणून ते बरोबर असेल. पण महिनोन्महिने हे काम करणाऱ्यांच्या हाती त्यानंतर उरला तो फक्त करार.

कायदा अपुरा, म्हणून तंत्रज्ञानाकडे पाहिलं गेलं. 1996 मध्ये फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत डिजिमार्क या कंपनीचा अदृश्य वॉटरमार्क आला. डोळ्यांना न दिसणारी खूण चित्रातच मिसळायची आणि चोरीची प्रत सापडली की ती वाचायची. पण पुढच्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातून स्टरमार्क हे चाचणीचं सॉफ्टवेअर बाहेर आलं. चित्राला किंचित ताणायचं, किंचित वाकवायचं, त्याचे ठिपके पुन्हा नव्याने मोजायचे, एवढंच ते करायचं आणि त्या काळच्या कितीतरी खुणा वाचता येईनाशा व्हायच्या. ॲनिमेशनमध्ये टेक्श्चरचं रोज हेच तर होतं. ते कापलं जातं, जोडलं जातं, रंग बदलून वाकड्या पृष्ठभागावर चढतं आणि शेवटी वेगळ्याच उजेडात रेंडर होतं, म्हणजे संगणक त्याचं अंतिम चित्र बनवतो. जो हल्ला म्हणून रचला होता तो इथे नेहमीच्या कामाचा भाग आहे.

जुरासेक यांच्या हाती पुरावा लागला तो यातल्या कशामुळेही नाही. 2020 मध्ये कॅपकॉमच्या यंत्रणेत हॅकर घुसले आणि कंपनीच्या अंतर्गत फाइल बाहेर फुटल्या. त्यांत धातूच्या पृष्ठभागाची एक फाइल होती, ‘एमई009’ नावाची. जुरासेक यांच्या सीडीवर त्याच फोटोच्या फाइलचं नावही तेच होतं. गेम बनवणाऱ्यांनी फाइलचं नावसुद्धा बदललं नव्हतं. मागितलेली भरपाई होती 1 कोटी 20 लाख डॉलरपर्यंत. अमेरिकी कायद्यात हेतुपुरस्सर उल्लंघनासाठी प्रत्येक कलाकृतीमागे जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मिळू शकतात; 80 फोटोंचा हिशेब तेवढाच येतो. त्यांच्या फोटोंवर कॅपकॉमने स्वतःच्या मालकीची खोटी नोंद लावल्याबद्दल प्रत्येकी 2,500 ते 25,000 डॉलरची मागणी वेगळी होती. 1998 च्या डिजिटल मिलेनियम कायद्याने ही तरतूद आणली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली, अटी जाहीर झाल्या नाहीत. निकाल लागलाच नाही, त्यामुळे टेक्श्चर विकणाऱ्या इतरांना दाखला म्हणून दाखवता येईल असं काही या खटल्यातून मिळालं नाही.

भारतात या विषयाची तरतूद 2012 च्या दुरुस्तीने आली. कलम 65अ तांत्रिक कुलूप तोडण्याबद्दल आहे, 65ब मालकीची माहिती जाणूनबुजून काढण्या-बदलण्याबद्दल. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच दुरुस्तीने फोटोची मुदत छायाचित्रकाराच्या हयातीनंतर 60 वर्षांपर्यंत नेली. आता भांडण आणखी पुढे गेलं आहे. डिसेंबर 2022 मध्ये आर्टस्टेशन या कलाकारांच्या संकेतस्थळावर कलाकारांनी एआयविरुद्ध निषेध केला आणि तिथे चित्र एआयच्या प्रशिक्षणाला द्यायचं नसल्याची खूण सुरू झाली.

पुण्यातल्या एखाद्या वाड्याच्या भिंतीचे फोटो काढून अमेरिकी संकेतस्थळावर विकणाऱ्याने मात्र एक गोष्ट विक्रीच्या आधीच करावी. परदेशी कलाकृतीसाठी अमेरिकेत दावा लावायला नोंदणीची सक्ती नाही. पण दीड लाख डॉलरपर्यंतची, कायद्याने ठरवून दिलेली ती भरपाई मिळायची तर उल्लंघन सुरू होण्याआधी, किंवा प्रसिद्धीपासून तीन महिन्यांच्या आत, अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदणी झालेली असावी लागते. ती नसेल तर प्रत्यक्ष झालेलं नुकसान आणि समोरच्याचा नफा सिद्ध करत बसावं लागतं, आणि एका टेक्श्चरच्या बाबतीत ते नुकसान अनेकदा न भरलेल्या परवान्याच्या किमतीएवढंच निघतं.