पार्श्वभूमी: ऐंशी तासांचा आठवडा आणि समन्वयकाचं टेबल

शिकवणाऱ्या रुग्णालयात प्रशिक्षण कार्यक्रमांच्या समन्वयाचं काम कुणाकडे आलं की टेबलावर पहिला कागद येतो तो ड्युटीचा तक्ता. लॉगबुक, परीक्षा, पोस्टिंगची अदलाबदल, नव्या बॅचचं रुजू होणं हे त्यानंतर. तक्ता बसला नाही तर बाकीचं काहीच बसत नाही. हा तक्ता आज असा का दिसतो, याचं उत्तर मुख्यतः १९८४ ते २०१७ या तेहेतीस वर्षांत आहे, आणि त्यातलं बरंचसं अमेरिकेत घडलेलं आहे.

त्याआधीचं थोडक्यात. १८८९ मध्ये बाल्टिमोरला उघडलेल्या एका रुग्णालयात तरुण डॉक्टर खरोखरच राहायला होते. ‘रेसिडेंट’ हा शब्द रुळला तो तिथून. प्रशिक्षण किती वर्षांचं हे ठरलेलं नसे. खाली बरेच जण घ्यायचे, दरवर्षी काही गाळायचे आणि शेवटी एकाला मुख्य रेसिडेंट करायचं, असा तो पिरॅमिड होता. इथे समन्वय म्हणजे विभागप्रमुखाच्या मनात काय आहे ते ओळखणं. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये, जितके आत घेतले तितके सगळे पूर्ण करून बाहेर पडतील अशी रचना आली आणि पहिल्यांदाच हिशेब करायची वेळ आली, कारण आता प्रत्येकाच्या वाट्याला पुरेशा शस्त्रक्रिया यायला हव्या होत्या. १९५२ मध्ये जागावाटप केंद्रीय पद्धतीने होऊ लागलं. त्याआधी रुग्णालयं पदवीच्या दोन-दोन वर्षं आधीच मुलं अडकवून ठेवत. किती जण आणि कोणत्या तारखेला येणार हे आता काही महिने आधी कळू लागलं, म्हणून कुणीतरी त्यांची फाइल उघडायला हवी होती. ती विभागाच्या सेक्रेटरीने उघडली. आजचं समन्वयकाचं पद तिथूनच वाढत आलं आहे.

मधल्या काळात या शिकाऊ डॉक्टरला म्हणायचं काय, याचा घोळ झाला. वॉर्डात तो इंटर्न. १९७५ मध्ये अमेरिकेत स्वतंत्र इंटर्नशिप बंद झाली तेव्हा कागदावर तो ‘पदव्युत्तर पहिलं वर्ष’ झाला. तो विद्यार्थी की कर्मचारी? तिथल्या कामगार मंडळाने १९७६ मध्ये विद्यार्थी म्हटलं, १९९९ मध्ये तो निर्णय फिरवून कर्मचारी म्हटलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामाजिक सुरक्षेच्या करापुरतं तरी त्याला विद्यार्थी मानायला नकार दिला. वाद शब्दाचा वाटतो, पण रात्री तीन वाजता वॉर्डात उभं राहणं हे शिक्षण की काम, हे त्यावरच ठरतं. शिक्षण म्हटलं तर तास मोजायची गरजच उरत नाही, आणि म्हणून कितीतरी वर्षं कुणी ते मोजले नाहीत.

१९८४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अठरा वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांतच दगावली. ती नैराश्यावरचं एक औषध घेत होती आणि त्याच्याशी न जुळणारं वेदनाशामक तिला दिलं गेलं. त्या रात्री जी इंटर्न तिला पाहत होती, तिच्याकडे इतर चाळीसेक रुग्णही होते. वडील पत्रकार होते, त्यांनी प्रकरण सोडलं नाही. ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, कुणावर गुन्हा ठेवला नाही, ठपका ठेवला तो प्रशिक्षणाच्या पद्धतीवर. मग समिती बसली. तिच्या शिफारशी १९८९ पासून न्यूयॉर्क राज्यात नियम म्हणून लागू झाल्या. आठवड्याला ऐंशी तास आणि सलग चोवीस ही मर्यादा आली.

हा ऐंशीचा आकडा आला कुठून? झोपेवरच्या एखाद्या संशोधनातून आला असेल असं वाटतं. तसं नाही. समितीच्या अध्यक्षांनी पुढे स्वतःच हिशेब सांगून टाकला. आठवड्याचे तास १६८. रोज दहाप्रमाणे पाच दिवसांचे पन्नास. उरले ११८. दर चौथ्या रात्री ड्युटी माणुसकीला धरून, म्हणून ११८ ला चारने भागा. साधारण तीस आले. पन्नास अधिक तीस, ऐंशी. जगभर ज्या आकड्याचा हवाला दिला जातो तो असा पाठकोऱ्या कागदावर निघालेला आहे. मला त्यात गैर वाटत नाही. कुठेतरी रेघ मारायलाच हवी होती. पण पुढे या आकड्याला जे शास्त्रीय वजन चिकटलं ते त्याचं नव्हे. शिवाय त्याच समितीचा भर तासांइतकाच वरिष्ठांच्या देखरेखीवर होता. रात्री अनुभवी डॉक्टर हजर हवा, ही मागणी चर्चेत मागे पडली. तास मोजता येतात, देखरेख मोजणं अवघड.

न्यूयॉर्कमध्ये नियम आला, पाळला मात्र गेला नाही. १९९८ च्या अचानक तपासण्यांत सर्रास उल्लंघन सापडलं. २००१ मध्ये रेसिडेंटांच्या बाजूने केंद्रीय सरकारकडे अर्ज गेला की हा कामगार सुरक्षेचा प्रश्न आहे, तुम्ही नियम करा. सरकारी हात आत येतोय असं दिसल्यावर कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेने २००३ च्या जुलैपासून स्वतःच ऐंशी तास देशभर लागू केले. त्यातला कळीचा शब्द एकच होता: चार आठवड्यांची ‘सरासरी’ ऐंशी.

समन्वयकाचं निम्मं आयुष्य या शब्दात जातं. समजा एका रेसिडेंटचे आठवडे ९२, ८८, ८४ आणि ५६ तासांचे झाले. बेरीज ३२०, सरासरी ऐंशी, नियम पाळला गेला. तीन आठवडे तो मर्यादेच्या वर होता, पण कागद स्वच्छ आहे. आता चौथ्या आठवड्यात तो रजेवर गेला असं धरा. नवखा समन्वयक तिथे शून्य लिहितो आणि २६४ ला चारने भागून ६६ काढतो. उत्तर छान दिसतं आणि साफ चूक असतं. रजेचा काळ सरासरीतून वगळायचा असतो. २६४ भागिले तीन म्हणजे ८८, उल्लंघन. घरून ऑन-कॉल असेल तर नुसते घरी बसलेले तास धरायचे नाहीत, बोलावल्यावर रुग्णालयात गेलेले धरायचे, आणि २०१७ पासून घरून केलेलं रुग्णांचं कामही धरायचं. बाहेर दुसरीकडे केलेली कमाईची ड्युटी २००३ मध्ये मोजली जात नव्हती, २०११ पासून मोजतात.

त्यात एक पेच सुरुवातीपासून आहे. उल्लंघन सापडलं तर शिक्षा कार्यक्रमाला होते, मान्यता धोक्यात येते. म्हणजे खरे तास लिहिणारा रेसिडेंट स्वतःच्याच पदवीवर टांगती तलवार आणतो. २००३ मध्ये नियम लागू झाल्यावर थोड्याच काळात बाल्टिमोरच्या त्याच जुन्या रुग्णालयाच्या मेडिसिन कार्यक्रमाची मान्यता काढून घेण्याचा निर्णय झाला, सुधारणा दाखवल्यावर ती परत मिळाली. तक्रार एका रेसिडेंटने केली होती. तेव्हापासून रविवारी रात्री घाईघाईने भरलेले, सगळे आठवडे ७८ नि ७९ तासांचे लॉग कोणत्याही समन्वयकाला नवे नाहीत. ते पाहून काय करायचं, हे नियमावलीत लिहिलेलं नाही.

युरोपात हाच प्रश्न वेगळ्या दाराने आला. तिथे मर्यादा ४८ तासांची आणि ती कामगार कायद्यातली. वाद पेटला तो झोपेवरून: ऑन-कॉल डॉक्टर रुग्णालयाच्या खोलीत झोपला तर ते काम की विश्रांती? युरोपीय न्यायालयाने २००० मध्ये स्पेनच्या आणि २००३ मध्ये जर्मनीच्या प्रकरणात सांगितलं, काम. जुने रोटा, म्हणजे ड्युटीचे तक्ते, एका फटक्यात बेकायदा ठरले. ब्रिटनने २००९ पर्यंत ४८ वर यायचं ठरवलं, तेही सव्वीस आठवड्यांच्या सरासरीने. चोवीस तासांच्या ऑन-कॉलच्या जागी शिफ्ट आल्या. जिथे रात्रभर एकच डॉक्टर असे तिथे दोघे आले, आणि दोघांच्या मध्ये हँडओव्हर आला, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्याकडे सोपवणं. आपला सकाळचा रुग्ण संध्याकाळी कसा झाला, हे शिकणाऱ्याला कळेनासं झालं, ही वरिष्ठांची तक्रार खोटी नव्हती. मात्र ती करणाऱ्यांपैकी किती जण रात्री स्वतः हजर असत, हेही विचारायला हवं होतं.

२०११ मध्ये अमेरिकेच्या परिषदेने पहिल्या वर्षासाठी सलग सोळा तासांची मर्यादा आणली. रात्रीच्या वेगळ्या टीम उभ्या राहिल्या, तक्ते दुपटीने किचकट झाले. २०१७ मध्ये ती मागे घेऊन पुन्हा चोवीस केले, हँडओव्हरसाठी वर चार. आधार दिला गेला तो शस्त्रक्रियेच्या ११७ कार्यक्रमांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा. सलग तासांची मर्यादा सैल केलेल्या गटात, न केलेल्या गटाच्या तुलनेत, रुग्णांचं नुकसान वाढलं नाही, असं त्यात दिसलं. इथे दोन गोष्टी नेहमी गाळल्या जातात. चाचणीच्या दोन्ही गटांत ऐंशीची मर्यादा कायम होती, त्यामुळे ऐंशी बरोबर की चूक हे तिने तपासलंच नाही. आणि मेडिसिनच्या ६३ कार्यक्रमांवरच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष छापून यायला २०१८ आणि २०१९ उजाडलं. निर्णय तोवर होऊन गेला होता. निष्कर्ष निर्णयाच्या बाजूनेच लागले, ही नशिबाची गोष्ट.

या सगळ्यात समन्वयकाचं काम फुगत गेलं. १९९९ मध्ये रेसिडेंटांनी मिळवायच्या सहा मूलभूत क्षमता ठरल्या. २०१३ पासून प्रत्येक रेसिडेंट टप्प्याटप्प्याने कुठवर पोहोचला याचं मूल्यमापन वर्षातून दोनदा कळवायचं ठरलं. सेक्रेटरीच्या फाइलची जागा सॉफ्टवेअरने घेतली आणि २०१९ च्या नियमावलीत कार्यक्रमाला समन्वयक असलाच पाहिजे, असं स्वतंत्र कलम आलं.

नावाचा घोळ मात्र चालूच आहे. ब्रिटनने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ‘ज्युनियर डॉक्टर’ हे नाव टाकून ‘रेसिडेंट डॉक्टर’ स्वीकारलं, कारण दहा वर्षं काम केलेल्या माणसाला ज्युनियर म्हणणं खटकत होतं. रुग्णालयात राहायला आता कुणी नसतं. नव्या नावाचे फॉर्म, बिल्ले आणि रोटाचे मथळे बदलायचं काम कुणाकडे आलं असेल, हे सांगायला नको.