स्मार्ट पाणी मीटर बसण्याआधी नोंद दुरुस्तीचा अर्ज: कोणी करायचा, कागद कोणते लागतात

स्मार्ट मीटर, म्हणजे आपलं रीडिंग आपणहून पाठवणारा पाण्याचा मीटर, बसवणारा माणूस दारात येतो तेव्हा त्याच्या हातात एक यादी असते. तुमच्या ग्राहक क्रमांकापुढे जुन्या मीटरचा क्रमांक छापलेला असतो. पाइपवरच्या मीटरवर तोच क्रमांक असेल तर काम अर्ध्या तासात उरकतं. नसेल तर तो परत जातो, किंवा न बघता नवा मीटर बसवून मोकळा होतो. दुसरं जास्त महागात पडतं, कारण मग तुमचं पाणी शेजाऱ्याच्या खात्यावर चढतं. साध्या मीटरचं रीडिंग फार तर महिन्यातून एकदा होतं. स्मार्ट मीटरने तासाला एक रीडिंग पाठवलं तर ३० दिवसांत ७२० होतात, आणि खातं चुकलेलं असेल तर ती सगळी चुकीच्या खात्यात जमा होतात.

आधी बिल घेऊन मीटरपाशी जा

पाणीपुरवठा कार्यालयातली तुमच्या खात्याची चुकीची नोंद दुरुस्त करायचा अर्ज भरण्याआधी हे करा. मीटरच्या झाकणावर किंवा पितळी कडेवर क्रमांक कोरलेला असतो. ओल्या फडक्याने पुसून बिलावरच्या क्रमांकाशी एकेक आकडा ताडून बघा. गर्दीत रीडिंग घेताना ३ चा ८ होतो, शून्य गळतं. क्रमांक आणि रीडिंग दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. दोन वेगळ्या फोटोंवरून ते एकाच मीटरचे आहेत हे सिद्ध होत नाही. बहुतेक मीटरवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे त्याखालचे लिटर. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. लाल आकडेही बिलात धरले गेले असतील तर चूक तिथेच सापडते.

सगळं जुळलं तर अर्जाची गरज नाही.

अर्ज कोणी करायचा

ज्याच्या नावावर नळजोडणी आहे त्याने. तो हयात नसेल तर वारसाने, घर विकलं असेल तर खरेदीदाराने. भाडेकरूला मालकाचं संमतीपत्र जोडावं लागतं. सोसायटीची एकच सामाईक जोडणी असेल तर पदाधिकाऱ्याने ठरावाच्या प्रतीसह अर्ज द्यावा. मीटर क्रमांक न जुळणं, एकाच जोडणीची दोन बिलं येणं, बरेच महिने सरासरीनेच बिल येणं, दुकान बंद होऊन तिथे राहायला लागल्यावरही व्यावसायिक दर लागणं, जोडणी अर्धा इंची असताना बिलावर पाऊण इंची असणं, ही नेहमीची कारणं.

कागदपत्रे

प्रत्येक अर्जाला शेवटचं बिल, ओळखपत्र आणि वर सांगितलेला फोटो लागतोच. नाव बदलायचं असेल तर मालकीचा दस्त. वारसांसाठी त्याच्यासोबत मृत्यू प्रमाणपत्र आणि बाकीच्या वारसांचं ना हरकत पत्र. वापराचा प्रकार बदलायचा असेल तर जागेचा सध्याचा वापर दाखवणारा पुरावा. नेमका नमुना आणि शुल्क आपल्या पाणीपुरवठा कार्यालयात विचारून घ्या.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मागे कधी मीटर बदलला असेल तेव्हाची पावती, आणि लोक नेमकी तीच टाकून देतात. तिच्यावर जुन्या मीटरचं शेवटचं आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग असतं. ती नसेल तर नव्या मीटरच्या रीडिंगमधून जुन्याचं वजा होतं आणि वापर उणे दिसतो.

असाच गोंधळ आकड्यांची चकती फिरून पुन्हा शून्यावर आली की होतो. समजा, मीटर चार आकडी आहे. मागचं रीडिंग ९९८७, आताचं ००१२. वापर खरा २५ घनमीटर. पण नोंदीत मीटर पाच आकडी लिहिलेला असेल तर संगणक ९००२५ घनमीटर काढतो! अशी बिलं हाताने थोपवली जातात, पण मूळ नोंद तशीच राहते. म्हणून अर्जात मीटरवर काळे आकडे किती आहेत तेही लिहा. नमुन्यात रकाना नसला तरी लिहा.

शेजाऱ्यांचे मीटर आलटापालट झालेत का

इमारतीत मीटर एका रांगेत असतात, आणि त्यांच्यावर रंगाने लिहिलेल्या फ्लॅट क्रमांकांवर माझा अजिबात विश्वास नाही. आपल्या घरातला एक नळ सोडा आणि कोणाच्या मीटरचं काटाचक्र, म्हणजे पाणी वाहताना फिरणारं छोटं चक्र, फिरतं ते बघा. मग घरात येणारी मुख्य तोटी बंद करा. फिरणारं चक्र थांबलं तर मीटर तुमचा. अदलाबदल आढळली तर दोन्ही घरांनी एकत्र अर्ज द्यावा. एकाच घराची नोंद बदलली तर एक मीटर दोन खात्यांवर दिसतो आणि दुसरा कुठेच नाही.

अर्जानंतर

पोच घ्या, तिच्यावर तारीख आणि आवक क्रमांक असू द्या. कर्मचारी पाहणीला आला की अहवालावर सही करण्याआधी वाचा. दुरुस्ती झाली म्हणजे थकबाकी माफ होत नाही. रकमेबद्दल तक्रार असेल तर तिचा अर्ज वेगळा द्या, आणि जुना मीटर निघायच्या आत द्या. मीटर गेला की पुरावाही गेला.

बसवायच्या दिवशी जुन्याच्या शेवटच्या रीडिंगचा आणि नव्याच्या पहिल्या रीडिंगचा फोटो घ्या. नवा मीटर शून्यावर नसेल तर घाबरू नका, कारखान्यातल्या चाचणीत त्यातून थोडं पाणी गेलेलं असू शकतं. रीडिंग पाठवणारं यंत्र वेगळं जोडलेलं असेल तर त्याचाही क्रमांक टिपून ठेवा.

पहिलं बिल वाढून आलं तर ते खरंही असू शकतं. झिजलेला जुना मीटर बारीक धार मोजत नाही, नवा मोजतो. पण आकडा मागच्या वापराच्या जवळपास बरोबर दहापट किंवा शंभरपट असेल, तर मीटरच्या एका स्पंदनाला, म्हणजे ठरावीक पाणी गेलं की तो देतो त्या एका इशाऱ्याला, किती लिटर धरायचे ही नोंद चुकली असण्याचा संशय धरा. त्यावेळी बसवणीच्या दिवशीचे फोटो, आता मीटरवर दिसणारं रीडिंग आणि अर्जाची पोच घेऊन कार्यालयात जा.