काचशिल्प आणि गोव्याचा उजेड

काचशिल्प : काच फुंकून, साच्यात ओतून, भट्टीत वितळवून किंवा थंडपणी कापून-घासून घडवलेली त्रिमितीय कलाकृती. दगडाच्या किंवा पितळेच्या मूर्तीवर उजेड पडतो आणि तिथेच थांबतो. काचेत तो आत शिरतो, वळतो, थोडा अडकतो आणि उरलेला मागच्या भिंतीवर जाऊन पडतो. म्हणून एकच काचशिल्प वैशाखातल्या दुपारी एक असते आणि आषाढातल्या दुपारी दुसरेच. गोव्यात हा फरक ठळक जाणवतो. शिवाय गोव्याच्या घरांनी उजेड गाळून आत घेण्याचे काम काच स्वस्त होण्याच्या फार आधी करून ठेवले आहे, आणि इथल्या काचशिल्पाचा विचार तिथूनच सुरू करावा लागतो.

जुन्या गोव्यातल्या चर्चांत आणि सासष्टी-बार्देशातल्या जुन्या वाड्यांत खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने आढळतात. प्लाकुना प्लासेंटा या चपट्या, जवळजवळ गोल शिंपीच्या कडा कापून तिचे चौकोन करत आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ते एकाखाली एक सरकवत. हा चौकोन तळहाताहून लहान असतो. बोटांत धरून सूर्याकडे केला तर आत वाढीच्या बारीक रेषा दिसतात, मध्यावर थोडा पिवळेपणा असतो आणि पलीकडच्या माडाची फक्त सावली कळते. शिंपी जवळजवळ सगळी कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाची, अतिशय पातळ थरांची बनलेली असते. ती दृश्य प्रकाशाचा मोठा भाग आत सोडते, पण विखरून सोडते. त्यामुळे खोलीत ऊन येत नाही, उजेड येतो. बाहेरच्याला आतले दिसत नाही, हा आणखी एक फायदा. वरच्या पट्टीतली एखादी शिंपी फुटून तिथे पुढे साधी काच बसवलेली असेल, तर खालच्या जमिनीवर तेवढाच एक कडक पांढरा चौकोन पडतो आणि बाकी खोली दुधाळ राहते. काच आणि शिंपी यांतला फरक याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही. आता ही शिंपी सहज मिळत नाही. चिखलीच्या खाडीसारख्या तिच्या वस्तीच्या जागा उपशाने आणि पाण्यातल्या बदलांनी रोडावल्या, आणि जुन्या तावदानांची दुरुस्ती करणारे जुन्याच शिंपल्या जपून वापरतात.

कौलारू घरातले काचेचे कौल हा या तावदानांचा गरीब भाऊ. अंधाऱ्या रांधपघरात छपरातले एकच कौल काचेचे असते. सकाळी चुलीच्या धुरातून त्याचा तिरका खांब उतरतो, दुपारपर्यंत जमिनीवरचा ठिपका पाटावरून पाणी भरलेल्या हंड्यापर्यंत सरकतो आणि घरातल्या बाईला घड्याळ न बघता वेळ कळते. मंगेशी किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेच्या देवळात सभामंडपाच्या छताला काचेची झुंबरे आणि हंड्या टांगलेल्या आहेत. आतल्या ज्योतीचा एक उजेड लोलकांमुळे शंभर ठिकाणी फुटतो. पणजीच्या फोंताइन्हास भागातल्या काही दारांवरच्या अर्धवर्तुळांत लाल-निळ्या काचा आहेत. संध्याकाळी त्या आतल्या पांढऱ्या भिंतीवर रंग ओततात. यांतले काहीही ‘शिल्प’ म्हणून घडवलेले नाही. तरी माझ्या मते गोव्यात काचेशी बोलू पाहणाऱ्या कलावंताचे गुरू हेच.

आता काचेकडे. नेहमीच्या बाटलीच्या किंवा खिडकीच्या काचेत साधारण ७० ते ७४ टक्के सिलिका, १२ ते १५ टक्के सोडा आणि उरलेल्यात मुख्यतः चुना असतो. लोहाचा अंश हिरवी झाक आणतो. जाड पत्र्याची काच कडेने पाहिली की ती दिसते. कोबाल्टने निळा रंग येतो, तर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांनी माणकासारखा लाल. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे तिचे माप, सुमारे १.५ आहे आणि सरळ पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के भाग प्रत्येक पृष्ठभागावरून मागे फिरतो. शिल्पकाराचा सगळा खेळ याच पृष्ठभागावर चालतो. तो वाळूच्या फवाऱ्याने खरवडला की काच शिंपीसारखी दुधाळ होते, घासून चमकवला की आतला टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडाही सुटत नाही.

फुंकून काम करायचे तर ११०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या भट्टीतून नळीच्या टोकावर काचेचा गोळा उचलतात. तो पाकासारखा ओघळत असतो, म्हणून नळी क्षणभरही न थांबवता फिरवत राहावी लागते. आकार देण्यासाठी हातात ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी धरतात. तिच्यातून वाफ निघते, वरचा कागद काळा पडतो, आणि तळहात व काच यांच्यात तेवढीच वाफ असते. ओतीव कामात मेणाचा नमुना करून त्यावर प्लास्टर आणि सिलिकाचा साचा घालतात, मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत किल्नमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, काच वितळू देतात. या पद्धतीत पोकळ आणि भरीव यांची अदलाबदल होते, आणि गोव्याच्या चिऱ्यासाठी, म्हणजे जांभ्या दगडासाठी, ती फार सोयीची आहे. चिऱ्याच्या भोकाळ पृष्ठावरून सरळ छाप घेऊन तिच्यावर काच ओतली तर चिरा जसाच्या तसा पारदर्शक होऊन येतो. आणि त्या छापेवरून पुन्हा उलटा साचा घेऊन त्यात काच ओतली तर प्रत्येक भोकाचे एक बोट होते.

यानंतरची पायरी कंटाळवाणी, पण जीवघेणी आहे. काच बाहेरून आधी निवते, आतून नंतर, आणि या ओढाताणीचा ताण तिच्यात कायमचा राहतो. तो घालवण्यासाठी तिला ५०० अंशांच्या थोडे वर धरून ठेवून सावकाश उतरवतात. याला अनुशीतन म्हणतात. पातळ पेल्याला एक रात्र पुरते; वीतभर जाडीच्या ठोकळ्याला आठवडेच्या आठवडे लागतात. मधेच वीज गेली तर? पावसाळ्यात गोव्यातल्या गावांत हा प्रश्न काल्पनिक नाही. अर्धवट ताण राहिलेली वस्तू पुढे केव्हातरी, टेबलावर नुसती ठेवलेली असताना, आपणहून तडकते. निरनिराळ्या बाटल्या एकत्र वितळवणाऱ्याचीही हीच गत होते. त्यांचे प्रसरण सारखे नसेल तर निवताना त्या एकमेकींना फाडतात. म्हणून फेणीच्या जुन्या गराफांवाची, म्हणजे मोठ्या पोटाच्या बाटलीची, हिरवट काच वापरायची तर तिच्यात दुसरी काच मिसळू नये.

काच फुंकण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर निघाली. व्हेनिसने १२९१ मध्ये आपल्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. मराठी माणसाला काच आठवते ती तळेगावच्या पैसा फंड कारखान्याची आणि ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची, म्हणजे कारखान्यातली. कलावंताने स्वतःच्या छोट्या भट्टीवर एकट्याने काम करण्याची चळवळ अलीकडची आहे. १९६२ साली हार्वे लिटलटन यांनी अमेरिकेत टोलीडोच्या कलासंग्रहालयात घेतलेल्या कार्यशाळांपासून ती मोजतात. चेक जोडपे स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की आणि यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा यांनी ओतीव काचेला इमारतीचे वजन दिले. त्यांच्या ठोकळ्यांत जाडी जिथे कमी तिथे रंग फिका आणि जिथे जास्त तिथे गडद. एकाच रंगाच्या काचेत एवढी छटा येते. निसर्गाची नक्कल मात्र त्याआधीच टोकाला गेली होती. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी १८८७ ते १९३६ या काळात हार्वर्डसाठी केलेली काचेची फुले वनस्पतिशास्त्र शिकवायला वापरत. अमेरिकन काचशिल्पकार डेल चिहुली यांनी लंडनच्या क्यू उद्यानात काच प्रत्यक्ष झाडांत नेऊन ठेवली. डोळे दिपवण्यापलीकडे ते काम किती जाते याबद्दल मला शंका आहे. हिरव्यागार जागी भडक रंग उठून दिसणारच.

बांधलेल्या परिसराशी काचेचे नाते गोव्यात सध्या बिघडलेले आहे. वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली फ्लोट काच १९५९ मध्ये जाहीर झाल्यापासून मोठे सपाट पत्रे जगभर स्वस्त झाले, आणि त्यांची तोंडे लावलेल्या इमारती पणजी-पर्वरीतही उभ्या राहिल्या. बाल्कांवाची, म्हणजे दारापुढच्या छपराखालच्या बसायच्या ओट्याची, खोल सावली आणि राजांगणातून, म्हणजे घरामधल्या चौकातून, वळून येणारा उजेड सोडून आपण उन्हाला थेट घरात घेतले आणि मग ते बाहेर काढायला वातानुकूलन बसवले. काचशिल्पकाराला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे : जिन्याच्या पडभिंतीत बसवलेले जाड ओतीव ठोकळे, काचेच्या कौलाची आठवण ठेवणारी छपरातली भोके, खरवडलेल्या काचेची तावदाने. काचेची घनता दगडाच्या जवळपास असते. १ सेंटिमीटर जाडीचा १ चौरस मीटर पत्रा २५ किलोंचा भरतो, त्यामुळे टांगण्याचा हिशेब आधी करावा लागतो. खाऱ्या, दमट हवेचाही विचार हवा. ओलावा काचेतला सोडा हळूहळू बाहेर खेचतो, आणि कमी प्रतीच्या काचेवर धुरकट साय धरते.

पणजी साधारण १५.५ उत्तर अक्षांशावर असल्याने वर्षातून दोनदा मध्यान्हीचा सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो : मेच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या वेळी उघड्यावर ठेवलेल्या भरीव काचेला बाजूला सावली नसते; तिने गोळा केलेला उजेडाचा पुंजका नेमका तिच्या पायाशी पडतो, आणि तो पाहायला पाच-दहा मिनिटेच मिळतात. मेमधला दिवस हमखास साधतो. ऑगस्टमधल्या दिवशी बहुधा पाऊस असतो.