भाडेकरू की लायसन्सी? गाळा परत मागण्याआधी हे बघा

ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या जुन्या इमारतीतले शेजारशेजारचे दोन गाळे डोळ्यांसमोर आणा. एकात आजोबांच्या काळापासून महिना दीडशे रुपयांची पावती फाटते. दुसरा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीसाठी नुसती वापराची परवानगी देणाऱ्या करारावर दिलेला; तो घेणारा लायसन्सी. मालकाच्या तोंडी दोघेही 'भाडेकरू'च. वकील मात्र आधी विचारतो: पावतीपुस्तक आहे की करार?

पावतीवाल्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं संरक्षण आहे. 'माझी जागा, मला हवी' एवढ्यावर भागत नाही. कलम 16 मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं. स्वतःची खरी गरज, परस्पर पोटभाडेकरू घुसवणं, किंवा दाव्याआधीचे सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय गाळा न वापरणं. या शेवटच्यात वीजबिल बोलतं: शटर रोज उघडत असेल तर युनिट शून्यावर कसे?

थकबाकीवर विसंबणारे मालक हमखास फसतात. आधी नोटीस, मग 90 दिवस थांबा, मग दावा. त्यानंतरही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली आणि पुढचं भाडं भरत राहिला, तर त्या कारणावर ताबा मिळत नाही. दीडशे रुपयांवर व्याज ते किती होणार! (भाडेकरू बँक असेल, किंवा 1 कोटी रुपये वा जास्त भरणा भांडवलाची (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल) कंपनी, तर या कायद्याचं संरक्षणच नाही.)

लायसन्सचं गणित सोपं: मुदत संपली, हक्क संपला, कारण सांगायची गरज नाही. पण याच कायद्याच्या कलम 24 चा, सक्षम प्राधिकाऱ्याकडचा (अशा प्रकरणांसाठी नेमलेला अधिकारी) झटपट रस्ता फक्त राहत्या जागेसाठी आहे. दुकानासाठी दिवाणी दावाच. तिथे समोरचा म्हणतो, 'कागदावर लायसन्स, प्रत्यक्षात भाडंच.' कागदाच्या मथळ्यापेक्षा व्यवहाराचं खरं स्वरूप महत्त्वाचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच सांगितलंय. त्यामुळे जागेचा पूर्ण ताबा दिला होता की नुसती वापराची परवानगी, हे ठरवायला किल्ली कोणाकडे, मालक आत येऊ शकतो का, असे प्रश्न निघतात.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची. कलम 55 नुसार लेखी करार आणि नोंदणी दोन्ही सक्तीची, जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत समोरच्याचं म्हणणं खरं धरतात.

आणि कपाटात फारच जुना लायसन्सचा कागद सापडला तर तारीख बघा. 1 फेब्रुवारी 1973 ला चालू लायसन्सवर ताब्यात असलेले कायद्यानेच भाडेकरू ठरले. म्हणजे पुन्हा कलम 16.