ताळगाव: पणजी ज्याचा वाडा होती ते गाव

पणजीहून आतल्या रस्त्याने दोना पावलला जाणाऱ्या पाहुण्याला ताळगाव हे शहराचं उपनगर वाटतं. उंच इमारती, शोरूम, स्टेडियम आणि मध्येच भाताचे मळे. इतिहास मात्र उलटा आहे. ताळगाव हे जुनं गाव, आणि मांडवीकाठची पणजी हा त्याचा एक वाडा, म्हणजे वस्ती. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय तिथल्या आदिलशाही राजवाड्यात राहायला आला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि वाडा गावापेक्षा मोठा झाला. तिथे आज महानगरपालिका आहे. ताळगावात अजून ग्रामपंचायतच.

इथल्या शेतीचा पाया गावकरी पद्धतीचा. जमीन कुणा एकाची नसे, मूळ गावकऱ्यांच्या संस्थेची असे. शेतं लिलावाने कसायला दिली जात, त्या उत्पन्नातून बांधबंदिस्ती व गावखर्च भागे आणि उरलेलं गावकऱ्यांत वाटलं जाई. पोर्तुगिजांनी ही व्यवस्था मोडली नाही. १५२६ च्या सनदेत तिचे रिवाज नोंदवून घेतले आणि तिच्यावर आपला अंमल बसवला. तीच आजची कोमुनिदाद.

गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी मिळाली. पाहुण्याच्या ‘इतक्या महागड्या जागेत भात कसं?’ या प्रश्नाचं बरंचसं उत्तर १९९१ च्या कायद्यात आहे: कूळ कायद्याखाली मिळालेली जमीन शेतीखेरीज वापरता येत नाही. शेतं टिकली ती निव्वळ मातीच्या ओढीने, असं मला तरी वाटत नाही. अर्थात कायदा असूनही सगळीच शेतं पिकतात असं नाही. मजूर मिळत नाहीत, काही पडीकच आहेत. ताळगावच्या पठाराची गोष्ट वेगळी. तिथे १९८५ मध्ये सुरू झालेलं गोवा विद्यापीठ आहे.

शेतं आणि शहर पाण्यानेही जोडलेली आहेत. ताळगावच्या बाजूचं पाणी सांतिनेजच्या नाल्यातून मांडवीला मिळतं; वर भराव पडला की खाली पणजीत पाणी तुंबणार, हे सांगायला अभियंता लागत नाही.

शेती बघायची तर ऑगस्टमध्ये यावं. २१ ऑगस्टला कोंसांचं फेस्त, म्हणजे कणसांचा सण, असतं. गावकर नवी कणसं कापतात, सांत मिगेल चर्चमध्ये ती आशीर्वादित होतात. पहिली कणसं कापण्याचा हा मान गोवा जिंकणाऱ्या खुद्द आल्बुकेर्कने दिला, असं गावात सांगतात. हिंदू घरांत नव्याची कणसं चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुमारास येतात. पीक तेच, पंचांग वेगळं.

पावसाळी भात निघाल्यावर भाजी. ताळगावची वांगी पणजीच्या बाजारात हिवाळ्यात येतात, कापांसाठी उत्तम. घेताना कुठली ते विचारावं, कारण आगशीच्या वांग्यांचंही नाव मोठं आहे आणि दोन्हीकडचे लोक आपलीच सरस म्हणतात.