नर पोसायचे कशाला?

लैंगिक प्रजनन कशासाठी, असं विचारलं की ‘विविधतेसाठी’ हे उत्तर तयार असतं. ते ऑगस्ट वाइझमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८८०च्या दशकातच देऊन ठेवलं होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं त्यावर फारसं कुणी अडलं नाही.

१९७०च्या दशकात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी साधा हिशेब मांडला. नर अंडी घालत नाही. समजा, एखादी मादी नराविना नुसत्या माद्याच जन्माला घालू लागली आणि तिची पिल्लंही इतरांइतकीच जगली, तर तिचा वंश दर पिढीला इतरांच्या दुपटीने वाढेल. म्हणजे नर पोसण्याचा तोटा रोख आणि विविधतेचा फायदा उधार. मग नर अजून शिल्लक कसे?

जनुकशास्त्रज्ञ हर्मन म्युलर यांचं १९६४चं म्हणणं असं की, अलैंगिक वंशात घातक उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले बिघाड, साचत जातात आणि ती झटकता येत नाहीत. खरं आहे, पण साचायला वेळ लागतो. तोवर तो वंश बाजी मारून गेलेला असतो.

१९८०च्या सुमारास ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी बोट दाखवलं ते परजीवींकडे, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जगणाऱ्या जीवांकडे. परजीवी भराभर बदलतात आणि जो नमुना जास्त दिसतो त्याच्यावरच नेम धरतात. अशा वेळी आईची हुबेहूब नक्कल असणं महागात पडतं.

हे पडताळायला न्यूझीलंडच्या तळ्यांतली जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची गोगलगाय कामी आली. तिच्यात नर-मादीने वाढणारे आणि नुसत्या माद्यांचे, असे दोन्ही प्रकार एकाच तळ्यात सापडतात. बदकांच्या विष्ठेतून आलेली एका कृमीची अंडी तिच्या पोटात गेली की ती वांझ होते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ कर्टिस लाइव्हली यांनी १९८७मध्ये दाखवलं, की जिथे हा कृमी जास्त तिथे नरही जास्त. पुढे एकाच तळ्यातही तेच दिसलं: बदकं चरतात त्या काठच्या उथळ पाण्यात नर अधिक, खोलात नक्कलांचं राज्य.

तरी सगळं श्रेय परजीवींना देणं मला घाईचं वाटतं. दुप्पट तोटा भरून निघायचा तर परजीवी फारच जहाल असावा लागतो. बहुधा म्युलर आणि हॅमिल्टन दोघेही थोडे थोडे बरोबर आहेत.

शेवाळात राहणाऱ्या डेलॉइड रोटिफरांमध्ये तर नर आजवर कुणाला सापडलेलाच नाही. पाणी आटलं की हे सूक्ष्म जीव सुकून वाऱ्यावर उडतात. २०१०च्या एका प्रयोगात ते असे सुकले तेव्हा त्यांना मारणारी बुरशी आधी मेली. पाणी मिळताच ते पुन्हा जिवंत झाले. परजीवी चुकवायची त्यांची तऱ्हा वेगळीच.