लोकसभा निवडणूक : वेळापत्रक आणि प्रचारकाळ (भारत)

भारतीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची, म्हणजेच लोकसभेची, सार्वत्रिक निवडणूक घेण्याचे अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३२४ अन्वये निवडणूक आयोगाकडे आहेत. लोकसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते. मात्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपती ती मुदतीपूर्वीही विसर्जित करू शकतात. १९७० च्या डिसेंबरात आणि २००४ च्या फेब्रुवारीत ती अशा प्रकारे विसर्जित झाली होती. मतदानाचा ठराविक दिवस भारतीय कायद्याने नेमून दिलेला नाही. मुदत पूर्ण होत असेल, तर ती संपण्याच्या सहा महिन्यांपेक्षा आधी निवडणुकीची अधिसूचना काढता येत नाही, एवढीच मर्यादा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १४ ने घातली आहे. या चौकटीत मतदानाच्या तारखा ठरवण्याचे काम आयोगाचे असून, त्या तारखांवर प्रचाराचे स्वरूप बऱ्याच अंशी अवलंबून असते.

तारखा ठरवताना भूगोलाचा विचार पहिल्यापासून करावा लागला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी सुमारे चार महिने चालली. हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत (आजचे कल्पा) बर्फामुळे रस्ते बंद होण्यापूर्वी, देशात सर्वांत आधी मतदान उरकण्यात आले. मतदारांमध्ये निरक्षरांचे प्रमाण फार मोठे असल्याने प्रत्येक उमेदवारासाठी चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी ठेवली जाई, आणि अशा लाखो पोलादी पेट्या मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. मतदार याद्या करताना असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ अशी नोंद करण्याचा आग्रह धरला. सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. तो निर्णय त्या स्त्रियांच्या दृष्टीने कठोरच होता. तरीही मतदार ही स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र व्यक्ती आहे, हे तत्त्व त्यामुळे पहिल्याच निवडणुकीत प्रस्थापित झाले.

पुढील काळात मतदानाचे दिवस कमी होत गेले आणि १९८० ची निवडणूक मुख्यतः ३ व ६ जानेवारी या दोन दिवसांत पार पडली. १९९० च्या दशकात, विशेषतः टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, मतदान केंद्रांवर दहशत आणि केंद्रे बळकावणे या प्रकारांना आळा घालण्यासाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांवरील भिस्त वाढली. ही दले एकाच दिवशी देशभर पुरवता येत नसल्याने ती एका भागातून दुसऱ्या भागात हलवत टप्प्याटप्प्याने मतदान घेण्याची पद्धत रुळली. २०१४ मध्ये नऊ, तर २०१९ आणि २०२४ मध्ये सात टप्पे होते. टप्पे ठरवताना सुरक्षेबरोबरच हवामान, शालेय परीक्षा, सणवार आणि शेतीचा हंगाम यांचाही विचार केला जातो. २०२४ चा कार्यक्रम १६ मार्च रोजी जाहीर झाला, मतदान १९ एप्रिल ते १ जून या ४४ दिवसांत झाले आणि ४ जून रोजी मतमोजणी झाली. महाराष्ट्रातील ४८ जागांसाठी त्यांपैकी पाच टप्पे होते. रामटेक, नागपूर, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर आणि चंद्रपूर येथे १९ एप्रिलला, तर मुंबईत २० मे रोजी मतदान झाले. गोव्यातील दोन्ही जागांचे मतदान ७ मे या एकाच दिवशी आटोपले.

प्रत्येक टप्प्याची कायदेशीर सुरुवात अधिसूचनेने होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३० नुसार अधिसूचनेनंतरचा सातवा दिवस हा उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी अर्जांची छाननी करतात आणि छाननीनंतर दोन दिवसांपर्यंत अर्ज मागे घेता येतो. माघारीची मुदत संपल्यावर चिन्हवाटप होऊन लढतीचे चित्र स्पष्ट होते. तेथून मतदानापर्यंत किमान १४ दिवस जावे लागतात. १९९६ पूर्वी ही मुदत २० दिवसांची होती. उमेदवाराला २५,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२,५०० रुपये) अनामत भरावी लागते आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्रावर देणे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे बंधनकारक झाले. माघारीनंतर एकच उमेदवार उरल्यास तो बिनविरोध निवडून येतो. २०२४ मध्ये सुरतेत असे घडल्याने तेथील मतदारांना मतदानाची संधीच मिळाली नाही.

आदर्श आचारसंहिता मात्र अधिसूचनेची वाट पाहत नाही. आयोगाने कार्यक्रम जाहीर करताच ती लागू होते. तिचा उगम १९६० मध्ये केरळमध्ये राजकीय पक्षांच्या संमतीने तयार झालेल्या नियमांत आहे आणि सत्तारूढ पक्षाच्या वर्तनाविषयीचा भाग १९७९ मध्ये तिच्यात समाविष्ट झाला. ती लागू असताना मंत्र्यांना नव्या योजना जाहीर करता येत नाहीत, भूमिपूजने व उद्‍घाटने करता येत नाहीत आणि सरकारी वाहने, विश्रामगृहे किंवा जाहिराती प्रचारासाठी वापरता येत नाहीत. आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही. तिच्या भंगाबद्दल ताकीद देणे, काही तास किंवा दिवस प्रचारबंदी घालणे आणि निवडणूक चिन्हे आदेश, १९६८ अन्वये पक्षाची मान्यता निलंबित करणे वा काढून घेणे, हे उपाय आयोगाच्या हाती आहेत. शेवटचा उपाय मात्र मोठ्या पक्षांच्या बाबतीत प्रत्यक्षात आलेला नाही. म्हणून तिची परिणामकारकता आयोगाच्या निःपक्षपातीपणावर आणि कारवाईतील तत्परतेवर अवलंबून राहते.

प्रत्यक्ष प्रचार जाहीर सभा, चौकसभा, पदयात्रा, घरोघरच्या भेटी, वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि समाजमाध्यमे यांतून चालतो. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकास बंदी असते, छापील पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव असावे लागते आणि दूरचित्रवाणीवरील जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही आणि मान्यताप्राप्त पक्षाच्या स्टार प्रचारकांचा (पक्षाने यादी देऊन नेमलेल्या प्रमुख प्रचारकांचा) प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. उमेदवाराच्या चहा-वड्यापर्यंतचा हिशेब तपासणाऱ्या या व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी फट होय.

मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीचे ४८ तास त्याच अधिनियमाच्या कलम १२६ नुसार शांततेचे असतात. जाहीर सभा, मिरवणुका आणि दूरचित्रवाणीवरील प्रचार त्या मतदानक्षेत्रात थांबतो. गाजावाजा न करता घरोघरी जाऊन भेटण्यास मनाई नसते. मतदाराला निवांतपणे विचार करता यावा, हा या तरतुदीचा हेतू आहे. परंतु हे बंधन मतदानक्षेत्रापुरते असल्याने टप्प्यांच्या निवडणुकीत ते बरेच दुबळे ठरते. पुण्यालगतचे खडकवासला विधानसभा क्षेत्र बारामती लोकसभा मतदारसंघात मोडते. २०२४ मध्ये तेथे ७ मे रोजी, तर पुणे मतदारसंघात १३ मे रोजी मतदान होते; त्यामुळे ५ मेच्या संध्याकाळी खडकवासल्यात प्रचार थंडावला, तरी शेजारच्या पुण्यात तो सुरू होता. पुण्यातील सभेचे भाषण मोबाइलवर पाहणाऱ्या खडकवासल्याच्या मतदाराला कायद्याने दिलेली शांतता कशी मिळावी, याचे समाधानकारक उत्तर आजच्या तरतुदींत नाही. मतदानोत्तर चाचण्यांपुरता (एक्झिट पोल) हा प्रश्न कलम १२६-क ने सोडवला आहे : पहिल्या टप्प्याच्या मतदानाच्या प्रारंभापासून अखेरच्या टप्प्याचे मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत त्यांचे निष्कर्ष देशभर कोठेही प्रसिद्ध करता येत नाहीत.

मतदानाच्या दिवशी मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मतांचे अभिरूप (चाचणीपुरते) मतदान घेतले जाते. २००४ पासून सर्व मतदारसंघांत इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रे वापरात आहेत आणि २०१९ पासून प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट यंत्र असते, ज्यात दिलेल्या मताची चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते. २०१३ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ (नोटा) हा पर्यायही उपलब्ध आहे. बोटाला लावली जाणारी पक्की शाई म्हैसूर येथील सरकारी कारखान्यात तयार होते. मतदानानंतर यंत्रे मोहोरबंद करून सुरक्षा कक्षात ठेवली जातात. सर्व टप्प्यांची मोजणी एकाच दिवशी होत असल्याने २०२४ मध्ये पूर्व विदर्भातील यंत्रांना मोजणीसाठी ४६ दिवस थांबावे लागले. मोजणीत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रे चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि तेथील व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्रातील आकड्यांशी पडताळल्या जातात.

निवडणूक सुरू असताना तिला न्यायालयात आव्हान देण्यास अनुच्छेद ३२९ ने प्रतिबंध केला आहे. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. प्रत्येक उमेदवाराला, तो हरलेला असला तरी, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे सादर करावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो न दिल्यास आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.